प्याल्यानंतरचे कथानक: अमेरिकी मालिकांतील किशोरवयीन मद्यपान

किशोरवयीन मुलांचे मद्यपान हा अमेरिकी दूरचित्रवाणीवर स्वतंत्र कथाविषय झाला तो १९७० च्या दशकात. १९७१ च्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ वर आणल्यानंतर अनेक राज्यांनी मद्यखरेदीची वयोमर्यादाही खाली आणली होती, त्यामुळे दारू शाळकरी मुलांच्या अधिक जवळ आली. एनबीसी वाहिनीने ११ फेब्रुवारी १९७५ रोजी दाखवलेला ‘सेरा टी.: पोर्ट्रेट ऑफ अ टीनेज अल्कोहोलिक’ हा दूरचित्रपट या काळाचा ठळक नमुना आहे. आईच्या पुनर्विवाहानंतर नव्या घरात आणि नव्या शाळेत एकटी पडलेली चौदा वर्षांची सेरा चोरून पिऊ लागते, आणि अखेरीस नशेत मित्राचा घोडा वाहत्या रस्त्यावर नेते, तेव्हा मरतो तो घोडा. लिंडा ब्लेअरने रंगवलेल्या या मुलीला पटकथा गुन्हेगार मानत नाही, आजारी मानते. मद्यासक्ती हा उपचारयोग्य विकार आहे, ही व्यसनमुक्तीसाठी एकत्र येणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’सारख्या मंडळांनी रुजवलेली धारणा तिच्यामागे आहे.

पुढल्या दशकात आजाराची जागा मोटारीने घेतली. १९८० मध्ये कँडी लाइटनर यांनी, मद्यधुंद चालकाने आपल्या मुलीचा बळी घेतल्यानंतर, ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना स्थापन केली, आणि १९८४ च्या केंद्रीय कायद्याने वयोमर्यादा २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग-निधी कापण्याची तरतूद केली; १९८८ पर्यंत सर्वच राज्ये नमली. मद्याचा प्रश्न रस्त्यांच्या पैशाशी जोडला गेल्यावर पटकथांतील परिणामही रस्त्यावरच घडू लागला, यात नवल नाही. ‘ग्रोइंग पेन्स’ या हलक्याफुलक्या कौटुंबिक मालिकेच्या १९८९ मधील एका भागात कॅरोलचा मित्र सँडी (मॅथ्यू पेरी) पिऊन गाडी चालवतो, अपघातातून बचावल्यासारखा वाटतो, इस्पितळात पश्चात्तापाचे चार शब्द बोलतो आणि नंतर अंतर्गत जखमांनी दगावतो. एरवी हसवणारी मालिका एखाद्या आठवड्यापुरती गंभीर होई, अशा भागांना जाहिरातींत ‘व्हेरी स्पेशल एपिसोड’ म्हणत. पाहुण्या पात्राला मारून पुढच्या आठवड्यात पूर्ववत हसायला लागण्याची ही सोय निर्मात्यांना फारच मानवली असावी.

याच सुमारास उपदेशाचा एक व्यवहारी प्रकार आला. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील जे विन्स्टन यांनी १९८८ पासून हॉलिवूडच्या लेखक-निर्मात्यांना ‘डेझिग्नेटेड ड्रायव्हर’, म्हणजे गटातील न पिता गाडी चालवण्याची जबाबदारी घेणारा, ही स्कॅन्डिनेव्हियातून घेतलेली कल्पना संवादांत पेरण्याची विनंती केली, आणि चार हंगामांत १६० हून अधिक कार्यक्रमांनी ती मानली. एखाद-दुसरे वाक्य पुरेसे होते, त्यामुळे कथानक मोडावे लागत नसे. परंतु ही युक्ती मुळात प्रौढांसाठी होती. एकाने न पिण्याची हमी दिली की उरलेल्यांचे पिणे आपोआप निर्दोष ठरते, हा आक्षेप किशोरवयीनांच्या बाबतीत अधिकच खरा होता, कारण त्यांच्यापैकी कोणालाच ती मुभा कायद्याने नव्हती.

१९९० च्या दशकात शिक्षेचे स्वरूप सौम्य झाले. ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’ मध्ये शाळेच्या निरोप-नृत्याला नशेत आलेल्या डोनाला पदवीदान समारंभातून वगळले जाते, तेव्हा विद्यार्थी वर्ग सोडून तिच्या नावाच्या घोषणा देतात आणि शाळेला माघार घ्यावी लागते (१९९३). येथे दोषी ठरतो तो नियम. कडक मद्याच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर न करण्याचे मद्य-उत्पादकांचे १९४८ पासूनचे स्वयंघोषित बंधन १९९६ मध्ये सुटले, आणि बिअरला ते कधीच लागू नव्हते, हेही या सौम्यतेसोबत वाचले पाहिजे.

२००७ मध्ये ब्रिटनच्या ‘स्किन्स’ने, तरुण लेखकांच्या हातून, पिण्याला आठवड्याच्या धड्याऐवजी रोजच्या जगण्याचे वातावरण केले. एमटीव्हीने २०११ मध्ये त्याची अमेरिकी आवृत्ती काढली, तेव्हा पालक-संघटनांच्या ओरडीनंतर जाहिरातदारांनी पाठ फिरवली आणि एकाच हंगामात मालिका बंद पडली.