ओखामंडळ : बडोद्याच्या ताब्यातील एक भूशिर

बडोद्याच्या मराठी घरांतून द्वारकेला न गेलेले माणूस विरळाच. रात्रीची गाडी पकडायची, सकाळी द्वारका गाठायची, दुसऱ्या दिवशी ‘पूर्ण दिवसाची सहल’ म्हणून एखादी गाडी ठरवायची आणि रुक्मिणी, नागेश्वर, गोपी तलाव, बेट असे करत संध्याकाळपर्यंत परत यायचे, हा क्रम ठरलेला. घरची वडीलधारी मंडळी निघताना एक वाक्य हमखास बोलतात: “द्वारका म्हणजे आपलीच की, गायकवाड सरकारची.”

वाक्य खरे आहे. १८१७ पासून १९४९ पर्यंत, म्हणजे एकशे बत्तीस वर्षे, द्वारका आणि तिच्या भोवतीचा ओखामंडळ हा सारा टापू बडोदे राज्यात होता. पण तो ‘आपला’ कसा झाला, आणि तिथल्या लोकांना तो ‘आपला’ होणे कसे वाटले, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. आम्ही मंडळी अलीकडे सहकुटुंब ही सहल करून आलो, तेव्हा दिवसभर हाच विषय डोक्यात होता. त्याच वाटेने, पण थोडा इतिहासाचा हात धरून, वाचकांना घेऊन जावे असा विचार आहे.

प्रथम जागा समजून घेतली पाहिजे. सौराष्ट्राच्या अगदी पश्चिम टोकाला, उत्तरेस कच्छचे आखात आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामध्ये घुसलेले हे भूशिर आहे. मुख्य सौराष्ट्रापासून त्याला खाऱ्या दलदलीचा एक पट्टा वेगळा करतो. त्यालाही रणच म्हणतात. आज डांबरी रस्त्याने हा पट्टा ओलांडताना मिठागरे आणि चरकल्याचे रोहित पक्षी दिसतात, एवढेच. पण दोनशे वर्षांपूर्वी हे रण म्हणजे बिनखर्चाचा खंदक होता. त्याच्या आडोशाने राहणारे वाघेर लोक कोणाही राजाला फार जुमानत नसत. पाऊस कमी, जमीन हलकी, पोट समुद्रावर. मासेमारी होती, व्यापार होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांची लूटही होती. पुढे जे जे घडले त्याची मुळे या भूगोलात आहेत.

लूट ही नवी गोष्ट नव्हती. १४७३ मध्ये महमूद बेगड्याने द्वारका आणि बेट जिंकले ते एका मौलवीला इथल्या चाच्यांनी लुबाडल्याची फिर्याद त्याच्यापर्यंत गेली म्हणून, असे तवारिखा सांगतात. आपल्या शेजारचे चांपानेर ज्याने १४८४ मध्ये घेतले तोच हा बेगडा. त्या वेळी द्वारकेचे देऊळ पाडले गेले. आज आपण पाहतो ते पाच मजली देऊळ त्यानंतर उभे राहिलेले आहे. गोमतीच्या बाजूने छप्पन्न पायऱ्या चढून स्वर्गद्वाराने आत जाताना या चढउतारांची आठवण ठेवावी.

त्याहून जुने काय होते, याचा शोध घेण्यात मराठी माणसांचा हात आहे, हे मात्र अभिमानाने सांगावेसे वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६३ मध्ये देवळाच्या लगतच उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या प्रेरणेने झालेले हे काम झैनुद्दीन अन्सारी आणि म. श्री. माटे यांनी पाहिले. त्यांना एकावर एक वस्त्यांचे थर सापडले. सर्वांत खालचे थर इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचे निघाले. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली समुद्रतळाशी जाऊन भोके पाडलेले दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष शोधले. तीच कृष्णाची द्वारका काय, यावर विद्वानांत वाद आहे आणि तो राहू द्यावा. इथे फार जुन्या काळापासून जहाजे नांगर टाकत होती, एवढे त्या दगडांवरून नक्की होते.

आता गायकवाडांकडे वळू. काठेवाडात मराठ्यांची फौज दरवर्षी खंडणी वसूल करायला जात असे. त्यालाच मुलूखगिरी म्हणत. १८०७ मध्ये कर्नल वॉकरने प्रत्येक संस्थानाची खंडणी कायम ठरवून दिली आणि फौजेच्या फेऱ्या थांबल्या. त्या काळात अमरेलीला गायकवाडांचे सरसुभे विठ्ठलराव देवाजी होते. अमरेलीचे नागनाथ मंदिर त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. ओखामंडळातून चाचेगिरीच्या तक्रारी मात्र थांबेनात. १८१६ मध्ये इंग्रजी फौजेने हा भाग काबीज केला आणि पुढच्याच वर्षी तो गायकवाडांच्या हवाली केला. इंग्रजांना इथला उपद्रव नको होता आणि बडोद्याला द्वारकेच्या क्षेत्राचा मान हवा होता. आमच्या मते हा व्यवहार उत्पन्नासाठी झालेला दिसत नाही. इतक्या दूरचा, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला मुलूख सांभाळणे बडोद्याला पुढेही जडच गेले.

वाघेरांना हे रुचले नाही. तीनच वर्षांत, १८२० मध्ये, ते उठले. कर्नल स्टॅनहोपच्या फौजेने द्वारका हल्ला करून घेतली, आणि लढाई थेट देवळाच्या आवारापर्यंत गेली. त्यानंतर काही दशके वरवर शांतता होती. पण बडोद्याहून आलेला वहिवटदार, त्याचे कारकून, त्यांचे मराठी-गुजराती दप्तर आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या मर्जीने राहिलेले माणेक घराण्याचे वाघेर यांचे सूत जमले नाही. वाघेर मुखियांना सरकारातून नेमणूक मिळत असे. ती वेळेवर न मिळणे, कमी होणे, वरिष्ठांकडे दाद न लागणे ही कुरबुर वाढत गेली. आम्ही स्वतः सरकारी नोकर आहोत. मंजूर झालेली रक्कम कागदावर अडकून पडली की समोरच्या माणसाच्या मनात काय साठत जाते, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

१८५७ ची बातमी इथवर आली आणि ठिणगी पडली. जोधा माणेक आणि मुळू माणेक यांच्या पुढाकाराने वाघेरांनी द्वारका आणि बेट दोन्ही ताब्यात घेतली. गायकवाडांच्या शिबंदीला तिथे टिकाव धरता आला नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये मुंबईहून इंग्रजांची लढाऊ जहाजे आणि फौज आली. बेटाच्या किल्ल्यावरचा पहिला हल्ला वाघेरांनी परतवला, ही गोष्ट आजही तिथे अभिमानाने सांगतात. मग रातोरात किल्ला रिकामा झाला. तोफांच्या माऱ्यात बेटावरच्या देवळांचेही नुकसान झाले आणि किल्ला इंग्रजांनी सुरुंग लावून उडवला. द्वारकेलाही वेढा पडला. वाघेर अंधारात निसटून बरड्याच्या डोंगरात अभपऱ्याला गेले. जोधा माणेक पुढे तापाने वारला. मुळू कैदेतून निसटून पुन्हा बाहेर पडला आणि १८६८ मध्ये पोरबंदरच्या बाजूला लढताना पडला. त्याच्या आदल्या डिसेंबरात माछरड्याच्या टेकडीवर देवा माणेक आणि दोन इंग्रज अधिकारी एकाच चकमकीत मारले गेले होते.

झवेरचंद मेघाणींच्या ‘सोरठी बहारवटिया’त जोधा-मुळूची कथा आहे. गुजरातीत शिकलेल्या आपल्या मुलांना ती ठाऊक असते. गंमत अशी की त्याच मुलांना, ते बंड ज्यांच्याविरुद्ध झाले ते सरकार आपले होते, हे ठाऊक नसते. इतिहासाच्या एकाच पानाच्या या दोन बाजू आहेत. आपल्या घरात एक वाचली जाते, ओखामंडळात दुसरी.

बंड शमल्यावर खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत देवळाच्या शिखराची दुरुस्ती झाली. पुढे शिखरावर सोन्याचा कळस चढला तोही गायकवाडांचाच. बावन्न गजांची ध्वजा त्याच शिखरावर फडकते. वडीलधारी मंडळी कळसाची गोष्ट सांगतात ती हीच, फक्त तिच्या आधीची चाळीस वर्षे गाळून.

द्वारकेतून निघाल्यावर दोन किलोमीटरवर रुक्मिणीचे देऊळ लागते. नवऱ्यापासून इतक्या दूर हिचे देऊळ का, याला तिथले पुजारी दुर्वास ऋषींच्या शापाची कथा सांगतात आणि पाण्याचे दान मागतात. आपल्या बायकांना मात्र रुसलेली रुक्मिणी लगेच ओळखू येते. विदर्भातली कौंडिण्यपूरची ही लेक रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव पंढरपुरी आले आणि विटेवर उभे राहिले, ही आपली कथा इथूनच सुरू होते. देव इथून गुजरातेतही गेला. भक्त बोडाण्याबरोबर तो डाकोरला आला अशी श्रद्धा आहे, आणि डाकोरचे आजचे देऊळ १७७२ मध्ये गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी गृहस्थांनी बांधले. बडोद्याहून दर पौर्णिमेला डाकोरला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

पुढे नागेश्वर. द्वादश ज्योतिर्लिंगांतील नागेश दारुकावनात आहे असे म्हणतात. ते दारुकावन इथे की हिंगोलीजवळ औंढ्याला, यावर आमच्या गाडीत रीतसर दोन पक्ष पडले. निकाल लागला नाही. दोन्हीकडे नमस्कार करणे हाच सोयीचा मार्ग. गोपी तलावाची पिवळसर माती म्हणजे गोपीचंदन. तिथे पाच मिनिटे पुरतात.

बेट द्वारकेला जायला पूर्वी ओख्याच्या धक्क्यावरून खच्चून भरलेल्या होड्या असत. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाला. सुमारे सव्वादोन किलोमीटरचा हा पूल गाडीने दोन-तीन मिनिटांत ओलांडता येतो. सोय मोठी आहे, पण वल्हवणाऱ्या समुद्राचा वास गेला. एक सूचना : बेटावरचे देऊळ दुपारी बंद असते, म्हणून सकाळीच आधी बेट करावे आणि नागेश्वर परतताना. बेटाचे देऊळ शिखराचे नाही, वाड्यासारखे आहे. याच बेटावर हाजी किरमानी पीराचा दर्गाही आहे आणि दर्यावर्दी लोक दोन्हीकडे माथा टेकतात.

या बेटाचे जुने नाव शंखोद्धार. आसपासच्या उथळ समुद्रात शंख मिळत आणि ते पार बंगालपर्यंत बांगड्यांसाठी जात. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सरकारने या शंखांची, मोत्यांच्या शिंपल्यांची आणि एकूण सागरी जीवांची शास्त्रीय पाहणी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करून घेतली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या किनाऱ्याकडे सरकार फक्त बंदुकीच्या नळीतून पाहत होते, तिथले शिंपले मोजायला माणूस पाठवणे, हा फरक लहान नाही. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला तोही महाराजांनी याच काठेवाडी मुलखात. राज्याचा कोपरा म्हणून दुर्लक्ष करणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही.

ओखा बंदर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. बेटाच्या आडोशामुळे इथे पाणी खोल आणि शांत, बंदर बारमाही. बडोद्याच्या बाकीच्या किनाऱ्यावर अशी जागा नव्हती. महाराजांनी खर्च करून बंदर उभारले आणि १९२६ मध्ये ते सुरू झाले. काठेवाडच्या बंदरांत माल उतरू लागताच मुंबईचा व्यापार घटेल म्हणून इंग्रज सरकार अस्वस्थ झाले, आणि १९१७ मध्ये उठवलेली विरमगामची जकात १९२७ मध्ये पुन्हा बसवली गेली. बंदराचा जन्म व्हायला आणि दाराशी जकातवाला उभा राहायला एकच गाठ पडली.

परतीच्या रस्त्यावर मिठापूरच्या चिमण्या दिसतात. कपिलराम वकील यांनी बडोदे राज्याच्या पाठिंब्याने इथे मीठ व क्षारांचा उद्योग मांडला. तो अडचणीत आल्यावर टाटांनी हाती घेतला आणि १९३९ मध्ये टाटा केमिकल्स स्थापन झाली. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला सयाजीराव महाराज निवर्तले. ज्या खाऱ्या जमिनीत काही पिकत नव्हते तिथे आज मीठ आणि सोडा पिकतो, आणि वाघेरांच्या कित्येक पोरांच्या घरी तिथला पगार येतो.

सूर्यास्ताला बहुतेक गाड्या शिवराजपूरच्या किनाऱ्यावर थांबतात. स्वच्छतेचा ‘ब्ल्यू फ्लॅग’ मिळालेला हा किनारा खरोखर सुंदर आहे. पाणी निळे, वाळू पांढरी, आणि पाठीमागे कच्छच्या रावांनी बांधलेला कच्छीगड. कच्छ, जामनगर, बडोदे, इंग्रज, प्रत्येकाने या टोकावर कधी ना कधी आपला हक्क सांगितला. १९६५ च्या युद्धात तर पाकिस्तानी नौदलाने रात्री द्वारकेवर तोफगोळे डागले. देऊळ सुखरूप राहिले.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. ओखामंडळ आधी अमरेली जिल्ह्यात गेले, १९५९ मध्ये जामनगरला जोडले गेले आणि १५ ऑगस्ट २०१३ पासून देवभूमी द्वारका या नव्या जिल्ह्यात आहे. आता बडोद्याशी त्याचा सरकारी संबंध उरलेला नाही. रात्री परतीच्या गाडीत बसताना आमच्या मुलीने मुळू माणेकचे गाव कोणते, असे विचारले. बडोद्याला परतल्यावर मेघाणींचे पुस्तक कपाटातून काढले आहे. सध्या ते तिच्याकडे आहे.