राखीव फायबर दुवा

राखीव फायबर दुवा ही औद्योगिक इथरनेट जाळ्यातील एक संरक्षक योजना होय. दोन स्विचांना जोडणारी मुख्य ऑप्टिकल फायबर केबल तुटल्यास माहितीची वाहतूक आपोआप दुसऱ्या मार्गाने वळवणे, हे तिचे कार्य. कारखाने, वीज उपकेंद्रे, रेल्वे आणि महामार्ग येथे ती वापरतात.

उपयोग

नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतजवळ मुंबई–आग्रा महामार्गावर टोल नाका आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून देशातील राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तेव्हापासून अशा नाक्यांवर मार्गिकेतील फास्टॅग वाचक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील संपर्काला विशेष महत्त्व आले. तो तुटला की वाहनांची रांग वाढू लागते.

फेऱ्याचा धोका

दुसरी केबल नुसती जोडून भागत नाही. इथरनेटच्या माहिती-चौकटीला आयुर्मर्यादा नसते. त्यामुळे बंद फेरा तयार झाल्यास सर्वांसाठी पाठवलेला संदेश अखंड फिरत व वाढत राहतो आणि काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते. म्हणजे संरक्षणासाठी घातलेली केबलच घातक ठरते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. १९९० मध्ये ती आयईईई ८०२.१डी या मानकात आली. तीत जादा दुवा रोखून धरला जातो व गरज पडताच खुला होतो. मूळ पद्धतीत या बदलाला ३० ते ५० सेकंद लागत. आयईसी ६२४३९-२ या मानकातील वलय पद्धतीत ५० स्विचांपर्यंतच्या जाळ्यात हे काम २०० मिलिसेकंदांत होऊ शकते.

संरचना

वलयातील एक स्विच व्यवस्थापक नेमतात. तो आपल्या दोन्ही वलय-पोर्टांतून चाचणी संदेश सोडतो. ते फिरून परत येत असतील तर तो एक पोर्ट रोखून ठेवतो. न आल्यास ते उघडतो व इतर स्विचांना पत्त्यांच्या जुन्या नोंदी पुसण्यास सांगतो. एका वलयात असे दोन व्यवस्थापक नेमणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. प्रत्येक स्विचवर पद्धत व पोर्ट निश्चित करून, संरचना कायम स्मृतीत जतन केल्यावरच वलयाची शेवटची केबल जोडावी. नंतर मुख्य केबल मुद्दाम काढून संपर्क टिकतो का, हे पाहावे लागते.

बहुतेक फायबर दुव्यांत जाण्याचा आणि येण्याचा तंतू वेगळा असतो. त्यांपैकी एकच तुटल्यास एका बाजूचा दिवा लागलेलाच राहू शकतो, म्हणून दूरच्या टोकाचा बिघाड ओळखण्याची सोय असल्यास ती चालू ठेवणे इष्ट.

मर्यादा

दोन्ही केबली एकाच चरातून नेल्या, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. महामार्गालगत खोदकाम तर सतत चालूच असते. दुसरा दोष अधिक फसवा आहे. राखीव केबल आधीच तुटलेली असली, तरी मुख्य केबल शाबूत असेतोवर वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. यासाठी अनेक औद्योगिक स्विचांवर इशारा-रिले असतो. वलय खंडित होताच तो बाहेरचा दिवा किंवा भोंगा चालू करतो. मात्र त्याची तार भोंग्यापर्यंत नेलेली असावी लागते.

खंड मुळीच चालणार नाही अशा वीज उपकेंद्रांत आयईसी ६२४३९-३ नुसार एकच संदेश एकाच वेळी दोन स्वतंत्र जाळ्यांतून पाठवतात व नंतर पोहोचलेली प्रत टाकून देतात.