फाइल मिळाली, मग कॅसेट कशाला?

"ताई, पेनड्राइव्हवर आई नाहीये."

फील्डवर्क संपवून मी परत आले होते, तेव्हा आलेला हा फोन. मराठवाड्यातल्या एका दिवंगत भीमगीत गायकाच्या मुलाचा. त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत तीसेक कॅसेट होत्या. संगणकाला जोडायचा एक स्वस्तातला प्लेयर नेऊन मी त्या चार दिवसांत उतरवून घेतल्या, दोन गाण्यांमधली बडबड आणि शांतता कापली, जागा वाचवायला मूळ रेकॉर्डिंग पुसलं आणि नीट नावं दिलेल्या फाइल त्यांना दिल्या. वर म्हणाले, "आता या नाही ठेवल्या तरी चालेल." दिवाळीच्या साफसफाईत पेटी भंगारात गेली. एका कॅसेटच्या शेवटी, वडील गाणं बसवत असताना, आई जेवायला हाक मारते असं त्याला आठवत होतं. ती 'बडबड' मी कापली होती.

माझ्याकडे चारच कॅसेट राहिल्या, त्याही परत द्यायच्या विसरल्यामुळे. त्या चारांनी मला जे शिकवलं ते संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास. भारतात ग्रामोफोन कंपनीचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं. पुढची कित्येक दशकं कोणाचा आवाज तबकडीवर जायचा हे कंपनी ठरवत होती, कारण घरातलं यंत्र फक्त वाजवायचं. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने हे उलटं केलं. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग, आणि वाजवणारं यंत्रच भरून घेणारं. आपल्याकडे १९८०च्या दशकात टू-इन-वन घरोघर आले, लहान कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे पुस्तक उत्तर भारतातल्या याच उलथापालथीवर आहे, जरूर वाचा.

पण विकत मिळणाऱ्या कॅसेटपेक्षा मला घरी भरलेल्या कॅसेट जास्त महत्त्वाच्या वाटतात. १४ एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टी रात्रभर गाते, कोणीतरी स्टेजच्या कडेला टेप ठेवतो, मग दुसरा त्यावरून आपली भरून घेतो. यातलं बहुतेक कधीच दुकानात आलं नाही. म्हणजे पेटी गेली की पुरावा गेला.

आता त्या चार कॅसेट. एकीवर हिंदी सिनेमाचं छापील लेबल आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडलेल्या असल्या की वर भरता येत नाही. विकत घेतलेल्या कॅसेटला त्या नसतातच. इथे त्या खाचांवर डॉक्टरी चिकटपट्टी लावलेली आहे. म्हणजे कोरी कॅसेट हाताशी नव्हती आणि घरातली गाण्यांची कॅसेट त्या रात्रीसाठी बळी दिली. दुसऱ्या बाजूला कार्यक्रम संपतो आणि सिनेमाचं गाणं मध्येच, अर्ध्या शब्दावर सुरू होतं. फाइलमधून मी ते 'असंबद्ध' म्हणून उडवलं होतं. खरं तर तारखेचा एकमेव धागा तोच होता: सिनेमाच्या गाण्यांची ती कॅसेट येण्याआधीचं हे रेकॉर्डिंग असूच शकत नाही. गेलेल्या कॅसेटपैकी किती अशा होत्या, आता कळायला मार्ग नाही.

दुसरी चूक तर प्रबंधात गेलीच असती. माझ्या टिपणात होतं, "रात्र चढते तसा गायक पट्टी वाढवतो." त्यावरून मी सादरीकरणाच्या रंगण्याबद्दल दीड पान लिहिलंही. नंतर चांगल्या डेकवर तीच कॅसेट ऐकली, तर ढोलकीही हळूहळू वर जात होती, बोलणंही बारीक होत होतं, आणि एका जागी सगळंच धपकन खाली आलं. सेल! भरताना सेल उतरत गेले, फीत हळू फिरली. ती योग्य वेगाने वाजवली की आवाज चढतो. मग कोणीतरी नवे सेल घातले. मूळ फाइलमध्ये ती जागा सापडली असती, पण नेमकी तिथली खरखर मी कापली होती.

विजेवर भरलेल्या कॅसेटमध्ये मागे हलकी घुमघुम असते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्या घुमघुमीवरून वेग ताडता येतो. (तेव्हा वारंवारताच खालीवर व्हायची, त्यामुळे हे अंदाजाचंच काम.) आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहावा, भरणाऱ्या यंत्राचं हेड तिरकं असेल तर वाजवणारंही तेवढंच तिरकं करावं लागतं. माझ्या 'खराब' शेऱ्याच्या दोन कॅसेट अशा उघडल्या. हे सगळं फितीकडून पुन्हा विचारता येतं. कापलेल्या एमपीथ्रीला काय विचारणार?

याचा अर्थ डिजिटाइझ करू नका असा नाही. फितीचा चिकटथर ओल धरतो, बुरशी येते, आणि वाजवणारी यंत्रं संपत चालली आहेत. व्हिडिओचं तर आणखी वाईट: व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. तेव्हा उतरवा, लवकर उतरवा, पण अखंड, न कापता, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये. कव्हरचे, खाचांचे, हस्ताक्षराचे फोटो काढा. संग्राहक मंडळी जुन्या आवाजाच्या 'उबे'बद्दल बोलतात, ते मला फारसं पटत नाही. पण कॅसेट फेकायचा सल्ला देण्याचा अधिकार मला नव्हता, हे पटलं आहे. गळक्या पत्र्याखाली पेटी सांभाळायला सांगणंही सोपं नाही; ते ओझं त्या घरावर पडतं. मी आता डबे आणि ओल शोषणाऱ्या पुड्या सोबत नेते, आणि घरच्यांना विचारते की यात कोणाकोणाचा आवाज आहे. गाणाऱ्याचाच नव्हे.

चारही कॅसेट नेऊन दिल्या, सोबत जुन्या बाजारातून दुरुस्त करून घेतलेला टेपरेकॉर्डर. त्यांनी आधी सिनेमाच्या लेबलवाली लावली आणि दुसरी बाजू शेवटापर्यंत पुढे पळवली.