दत्तक, घरजावई आणि बोटॅनिक गार्डन्स



आपण रविवारी डबे घेऊन ज्या बोटॅनिक गार्डन्समध्ये जातो, ती युद्धातून वाचली त्यात एका जपानी सरदाराचा मोठा हात होता: मार्क्विस तोकुगावा योशिचिका. (मी मेकॅनिकलवाला, आता आयटीत. इतिहास दहावीपर्यंतचा. चूभूद्याघ्या.)

हा जन्माने तोकुगावा नव्हताच. जन्म 1886 चा, फुकुईचे माजी संस्थानिक मात्सुदाइरा शुन्गाकु यांच्या घरी. वडील 1890 साली गेले. पुढे नागोयाच्या ओवारी तोकुगावा घराण्याने त्याला दत्तक घेतलं, आणि त्याच घरची मुलगी योनेको त्याला दिली! आपल्याकडे दत्तक आला की घरची मुलगी त्याची बहीण. माझ्या आजीने कानावर हात ठेवले असते. जपानात मात्र ही जुनी रीत: जावयालाच मुलगा करायचं, सासऱ्याचं आडनाव द्यायचं, घराणं चालू ठेवायचं. 1908 साली तो घराण्याचा प्रमुख झाला. आपल्याकडे 1848 मध्ये साताऱ्याचा दत्तक इंग्रजांनी नामंजूर केला आणि छत्रपतींची गादीच खालसा झाली. कवळाण्याचा गोपाळ मात्र 1875 साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. असो.

आयतं वैभव मिळालेला हा माणूस आधी इतिहास आणि मग वनस्पतीशास्त्र शिकला. 1921 साली मलायात शिकारीला आला, तेव्हा जोहोरच्या सुलतान इब्राहिमशी दोस्ती जमली. त्या ओळखीमुळेच 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी लष्कराने त्याला सल्लागार म्हणून इथे आणलं. म्युझियम आणि गार्डन्स त्याच्या हाताखाली आली. कॉर्नर, होल्टम हे ब्रिटिश शास्त्रज्ञ शत्रूपक्षाचे, पण त्यांना तुरुंगाबाहेर ठेवून काम करू दिलं. वाळवलेल्या झाडपाल्याचे नमुने, पुस्तकं, सगळं शाबूत राहिलं.

पण ज्या राजवटीचा तो सल्लागार होता, तिनेच त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हजारो चिनी पुरुष वेचून मारले. आमच्या मजल्यावरच्या चिनी आजींसमोर हे नाव काढायची मला हिंमत होत नाही. झाडं वाचवणारा माणूस त्याच वेळी नेमका कुठल्या बाजूला बसला होता, हे मला विसरता येत नाही.

1944 साली तो जपानला परतला, 1976 मध्ये वारला. इंग्रजांशी फितुरीचा ठपका सोसलेल्या कॉर्नरने 1981 साली त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, नावच ‘द मार्क्विस’.