शेजाऱ्याच्या भरवशावर

चिमूर म्हटलं की लोक १६ ऑगस्ट १९४२ सांगतात. गोळीबार, जाळपोळ, फाशीच्या शिक्षा. बरोबर आहे. पण धरपकडीत बाप गेला त्या रात्री पोरं कुणाच्या चुलीजवळ जेवली, ते शाळेच्या पुस्तकात नाही. दोस्तांनो, मला त्या चुलीबद्दल लिहायचं आहे.

मी राइस मिलमध्ये पोती उचलतो. धानाचा हंगाम सरला की आपल्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम, वारंगलकडं. घराला कुलूप. पोरगं सोबत न्यावं तर शाळा बुडते, ठेवावं तर कुणाकडे? म्हातारी असली तर म्हातारीकडे, नाहीतर शेजारच्या मावशीकडे. "आमच्यातलेच दोन घास खाईल," एवढाच करार. कागद नाही, अंगठा नाही. २०२० च्या टाळेबंदीत आईबाप तिकडंच अडकले, तेव्हा हा करार किती लांबला ते त्या मावश्यांनाच विचारा.

बाबासाहेबांचं बालपणही असंच शेजाऱ्यांच्या भरवशावर गेलं. भाषणात हे मी फारसं ऐकलं नाही, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचताना सापडलं. आई भीमाबाई वारलेली. रामजीबाबांना गोरेगावला खजिनदाराची नोकरी. दुष्काळातल्या लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव बांधत होतं. भीमराव, थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन पोरं, अशी चौघं साताऱ्याला राहिली. कुणाच्या हवाली? आत्याच्या आणि काही भल्या शेजाऱ्यांच्या. आत्या फार मायाळू, पण पायानं अधू. कधी तिलाच उचलावं लागे. म्हणून पोरं शाळेतही जात आणि रांधतही. भाकरी जमेना, मग तांदूळ नि मटण एकत्र शिजवून पुलाव. (चार पोरं आणि एक पातेलं, एवढं चित्र कुणीतरी काढा रे!)

पुढं १९०१ ची मसूर स्टेशनची, गाडीवानाची, पाण्याची गोष्ट सगळे सांगतात. सांगायलाच पाहिजे. पण त्या शेजाऱ्यांची नावं बाबासाहेबांच्या त्या लिखाणातही नाहीत.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण विधवांची मुलं माळ्याच्या घरात जन्मली, हे विसरू नका. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला बालाश्रम. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीत त्या गेल्या.

आज त्यांच्याच नावानं सरकारची बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एकच पालक असलेलं, आईबाप दुर्धर आजारात किंवा तुरुंगात असलेलं मूल दुसऱ्या कुटुंबात राहिलं तर महिन्याला पैसे मिळतात. आधी ४२५ रुपये, मग ११००, २०२३ पासून २२५०. चांगलंच आहे, अर्ज भरून द्या. पण मिरचीला गेलेला बाप या यादीत कुठं बसवायचा? तो जिवंत आहे, धडधाकट आहे, फक्त घरी नाही. आणि आपल्या मोहल्ल्याबाहेरचं किती घरं आपलं पोर चुलीपर्यंत येऊ देतील, हा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

मसूरला रामजीबाबा न्यायला आले नव्हते, कारण पोरांचं पत्र शिपायाजवळच राहिलं होतं. म्हणून जानेवारीत गाड्या निघायच्या आधी प्रत्येक मोहल्ल्यात एक वही करा: कुणाचं पोर कुणाकडे, शाळा कोणती, आईबाप कुठल्या गावी, ठेकेदाराचा फोन नंबर काय.