हॅसलिंगडनकडून उसना आणलेला मांकड

जून २०२५ मध्ये निकोलस पूरनने वयाच्या २९व्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता. लखनौने २१ कोटी देऊन राखलेला खेळाडू, ऐन भरातला, आणि वेस्ट इंडिजला म्हणतो की मी आता नाही. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेचा हाइनरिक क्लासेनही गेला. ग्रुपवरचा निकाल अर्ध्या तासात लागला. 'पैशापुढे देश काय चीज आहे', 'आमच्या वेळचे खेळाडू असे नव्हते' वगैरे. एकाने सरळ 'गद्दार' लिहिलं.

मी तिथे काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर दहा-बारा वर्षांपूर्वी ख्रिस गेलबद्दल मीही हेच, किंबहुना याहून वाईट बोललो होतो. पण 'आमच्या वेळचे' हे शब्द डोक्यात राहिले, कारण आमच्याही आधीच्या वेळची एक गोष्ट मी वडिलांकडून ऐकली होती. तेव्हा ती मला फक्त पराक्रमाची गोष्ट वाटायची. तिचा अलीकडचा भाग वडील दोन वाक्यांत उरकायचे.

गोष्ट विनू मांकडची.

फेब्रुवारी १९५२. मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला टेस्ट विजय मिळवला. त्या टेस्टमध्ये मांकडच्या १२ विकेट्स, पहिल्या डावात ५५ धावांत ८. पाच टेस्टच्या त्या मालिकेत एकूण ३४. त्यापूर्वी १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने हजार धावा आणि शंभर बळी असं दुहेरी काम केलेलं होतं. थोडक्यात, १९५२च्या उन्हाळ्यातल्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघ निवडायचा तर पहिलं नाव कोणाचं, हे पानवाल्यालासुद्धा माहीत होतं.

त्याच सुमारास मांकडला लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंगडन क्लबने व्यावसायिक म्हणून बोलावलं होतं. ही लीग म्हणजे काय, हे आज पटकन लक्षात येत नाही. उत्तर इंग्लंडमधली छोटी छोटी गिरणगावं, प्रत्येक गावाचा एक क्लब. संघात सगळे स्थानिक, कोणी गिरणीत, कोणी दुकानात काम करणारे, आणि एकच खेळाडू पगारी. तो बहुतेक वेळा बाहेरून आणलेला, नावाजलेला. सामने बहुधा शनिवारी. पगारी खेळाडूने पन्नास मारले की प्रेक्षकांतून टोपी फिरायची आणि जमलेली चिल्लर त्याला मिळायची. लाला अमरनाथ, हजारे, सुभाष गुप्ते हे सगळे या लीगमध्ये खेळून आलेले. आज आपण ज्याला फ्रँचाइझी क्रिकेट म्हणतो, त्याची ही गिरणगावातली आजी म्हणा ना.

मांकडने बोर्डाला विचारलं, की मला दौऱ्यावर घेणार आहात का? घेणार असाल तर मी हॅसलिंगडनला नाही कळवतो. बोर्डाने हमी दिली नाही. आता हे माणसाच्या जागी बसून बघा. टेस्ट खेळून तेव्हा घर चालत नसे. आपले खेळाडू संस्थानिकांच्या पदरी किंवा कुठल्यातरी ऑफिसात नोकरी करून देशासाठी खेळत. हातात आलेला उन्हाळ्याभराचा पगार सोडायचा, आणि उद्या संघात नाव नाही आलं तर? मांकडने हॅसलिंगडनचा करार घेतला. त्याने जास्त पैसे मागितले नव्हते, कप्तानपद मागितलं नव्हतं. मागितला होता फक्त शब्द.

संघ त्याच्याशिवाय इंग्लंडला गेला. लीड्सच्या पहिल्या टेस्टमध्ये दुसऱ्या डावात काय झालं ते क्रिकेटवेड्या घरांत अजून सांगितलं जातं. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघेही शून्यावर. धावफलक शून्य बाद चार. पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनने त्यातले तीन घेतले.

मग बोर्ड हॅसलिंगडनच्या दारात गेलं. आमचा मांकड आम्हाला द्या. आणि त्या गिरणगावाने दिला! उरलेल्या तिन्ही टेस्टसाठी.

लॉर्ड्सवर मांकड सलामीला आला आणि ७२ केल्या. मग इंग्लंडच्या डावात त्याने ७३ षटकं टाकली, १९६ धावांत ५ बळी. ते संपवून पुन्हा सलामीला, आणि १८४. त्यावेळी भारतीयाची टेस्टमधली ती सर्वोच्च धावसंख्या होती. मग इंग्लंडला जिंकायला ७७ हव्या होत्या, तरी याने आणखी २४ षटकं टाकली. आपण आठ गड्यांनी हरलो. वडील सांगायचे तेव्हा या हरण्याला काही किंमतच नसायची. लॉर्ड्सच्या मानफलकांवर फलंदाज आणि गोलंदाज अशा दोन्हीकडे नाव असलेल्या मोजक्या परदेशी खेळाडूंत मांकड आहे.

मला आता या गोष्टीत १८४ पेक्षा आधीचा भाग मोठा वाटतो. देश की लीग, हा पेच मांकडपुढे त्याच्या लोभाने आणला नव्हता. ज्यांनी त्याला धरून ठेवायचं, त्यांनी शब्द दिला नाही म्हणून तो आला. आणि पुढच्या ७० वर्षांत मी जिथे जिथे बघतो तिथे थोड्याफार फरकाने हेच दिसतं.

अर्थात प्रत्येक क्लब हॅसलिंगडनइतका दिलदार नव्हता. त्याच लीगमधल्या नेल्सन क्लबकडे वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाईन १९२९ पासून होता. १९३३ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ इंग्लंडमध्ये आला, तेव्हा त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू तिथेच काही मैलांवर राहत होता, आणि त्याला मालिकेत एकच टेस्ट खेळायला मिळाली.

नंतरचं मोठं प्रकरण केरी पॅकरचं, १९७७ चं. पॅकरला ऑस्ट्रेलियातल्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क हवे होते, तिथल्या बोर्डाने दिले नाहीत, तर त्याने खेळाडूच विकत घेतले. लिली, चॅपल बंधू, लॉईड, रिचर्ड्स, इम्रान, आणि इंग्लंडचा चालू कप्तान टोनी ग्रेग. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. ग्रेग मंडळी लंडनच्या कोर्टात गेली आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये न्यायमूर्ती स्लेड यांनी निकाल दिला, की ही बंदी म्हणजे माणसाच्या धंद्याच्या स्वातंत्र्यावर गदा आहे. बोर्ड वर्षभराची हमी देत नाही, पण वर्षभर दुसरीकडे जाऊ नका म्हणतं, हे कोर्टात टिकलं नाही.

आपल्याला त्याचा फायदाच झाला, हे आपण सोयीस्कर विसरतो. त्या हंगामात बेदीचा संघ ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा त्यांच्याकडे माणसंच नव्हती. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या ४१ वर्षांच्या बॉबी सिम्पसनला त्यांनी कप्तान म्हणून परत आणलं, आणि तरी आपण ३-२ हरलो! सिम्पसनने दोन शतकं मारली ती वेगळीच. पुढच्या वर्षी वेस्ट इंडिज भारतात आलं, तेही पॅकरकडे गेलेल्यांशिवाय. लॉईडने १९७८ मध्ये, पॅकरच्या खेळाडूंना वगळलं म्हणून कप्तानपद सोडलं होतं. त्या मालिकेत गावस्करच्या ७३२ धावा झाल्या. वडील त्या ७३२ कायम पूर्ण भावाने मोजत. 'समोर रॉबर्ट्स, होल्डिंग नव्हते,' असं मी एकदा म्हणालो तर जेवणावरून उठले होते.

गावस्कर निरलॉनमध्ये नोकरीला, वाडेकर स्टेट बँकेत. मुंबईचं क्रिकेट त्या नोकऱ्यांवर आणि टाइम्स शील्डवर उभं होतं. १९८३ चा वर्ल्ड कप जिंकून आलेल्या पोरांना द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते, म्हणून लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि प्रत्येकाला एकेक लाख मिळाले. हे आपलं बोर्ड!

आणि मग २००७. झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली. आपल्या बोर्डाने काय करावं? तिकडे गेलेल्यांना रणजीसकट सगळी दारं बंद. कपिल देवला राष्ट्रीय अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. भाषा तीच, देशाच्या क्रिकेटशी निष्ठा वगैरे. आणि एप्रिल २००८ मध्ये त्याच बोर्डाने स्वतःची आयपीएल सुरू केली. अंबाती रायुडूसारख्या पोरांना २००९ मध्ये माफी मिळाली. आता माफी कशाची, तर एक वर्ष आधी चुकीच्या मालकाकडे वीस षटकं खेळल्याची.

म्हणून आमच्या ग्रुपवर जेव्हा कोणी म्हणतं, 'आपले खेळाडू बघा, एक तरी बाहेर पळतो का', तेव्हा मला हसू येतं. त्यांना पळायची गरज नाही आणि परवानगीही नाही. आपल्या चालू पुरुष खेळाडूला परदेशी लीगसाठी बोर्ड सोडतच नाही. दिनेश कार्तिक दक्षिण आफ्रिकेच्या लीगमध्ये खेळला तो इथलं सगळं संपवून. आयपीएलच्या दोन-अडीच महिन्यांत आपल्या टेस्ट होत नाहीत. जगातली सगळ्यात श्रीमंत लीग आपल्याच बोर्डाची. कोहलीपुढे मांकडचा प्रश्न कधी आलाच नाही.

तो येतो त्रिनिदादच्या, गयानाच्या, जोहान्सबर्गच्या पोरांपुढे. आयसीसीच्या २०२४ ते २०२७ च्या वाटपात सुमारे ३८.५ टक्के भारताकडे जातात, वेस्ट इंडिजकडे पाच टक्क्यांहून कमी. २०१४ मध्ये पगाराच्या भांडणावरून वेस्ट इंडिजचा संघ धर्मशाळेहून दौरा अर्धवट टाकून निघून गेला. खेळाडूंच्या नावाने केलेला करार खेळाडूंनाच मान्य नव्हता. आपल्या बोर्डाने तेव्हा जवळपास ४.२ कोटी डॉलरची भरपाई मागितली होती.

दक्षिण आफ्रिकेचं तर बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचा टेस्ट संघ न्यूझीलंडला गेला त्यात सात जण एकही टेस्ट न खेळलेले. कप्तान नील ब्रँडची ती पहिलीच टेस्ट! बाकीचे घरी एसए-ट्वेंटी खेळत होते. लीगमध्ये सर्वांत मोठी मालकी त्यांच्याच बोर्डाची, आणि सहाही संघ आयपीएलच्या मालकांचे. न्यूझीलंडविरुद्ध टेस्ट मालिका ते कधी हरले नव्हते, ती २-० हरले. इथे देश सोडला कोणी? खेळाडूला बोर्डानेच सांगितलं होतं, लीग आधी.

अर्थात सगळे खेळाडू मांकड आहेत, असं माझं म्हणणं नाही. मे २००९ मध्ये वेस्ट इंडिजचा कप्तान गेल आयपीएल खेळून टेस्टच्या जेमतेम दोन दिवस आधी इंग्लंडमध्ये पोचला, आणि टेस्ट क्रिकेट संपलं तरी आपल्याला फार वाईट वाटणार नाही असं सांगून मोकळा झाला. टेस्ट त्याच लॉर्ड्सवर होती. मी तेव्हा भडकलो होतो, आणि त्या एका वागण्याबद्दल अजूनही भडकतो. बोर्डाचं चुकलं म्हणून कप्तानाने उशिरा यायचं नसतं.

आणि दुसरी बाजूही असते. जानेवारी २०२४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याला होल्डर आणि मेयर्स नाही म्हणाले, लीग खेळायला गेले. जागा रिकाम्या झाल्या तेव्हा गयानाच्या आडगावातला, काही काळ सिक्युरिटी गार्डचं काम केलेला शमार जोसेफ संघात आला. दुखऱ्या अंगठ्यानिशी ब्रिस्बेनला त्याने ६८ धावांत ७ घेतले आणि वेस्ट इंडिज आठ धावांनी जिंकलं. ऑस्ट्रेलियात २७ वर्षांनी. मी बघितलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी ती एक. दोन आठवड्यांत लखनौने त्याला तीन कोटींना घेतलं.

न्यूझीलंडने यातून वाट काढली, पण तीही हॅसलिंगडनच्या वळणाची. ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये वार्षिक करार सोडला, घरच्यांना वेळ आणि लीग हव्यात म्हणाला. बोर्डाने दार आपटलं नाही. त्यानंतरही तो तीन वर्ल्ड कप त्यांच्याकडून खेळला.

फक्त आजचे मालक हॅसलिंगडन नाहीत. ते एक गाव होतं, एक उन्हाळा, एक पगारी खेळाडू. आता एकाच मालकाचे संघ मुंबईत, केपटाऊनमध्ये, अबुधाबीत, न्यूयॉर्कमध्ये. पूरन त्यातल्या अबुधाबीच्या संघाचा कप्तान होताच, मग न्यूयॉर्कचाही झाला. अशा मालकाकडे खेळाडू उसना मागायला जाणार कोण, आणि कुठल्या तोंडाने?

ग्रुपवर शेवटी मित्राने विचारलंच, 'मग तुझ्या मते पूरनने केलं ते बरोबर?' मला ते आवडलं नाही. असा डावखुरा एकही टेस्ट न खेळता जातो याचं वाईट वाटतं. पण गद्दार मी म्हणणार नाही, असं लिहिलं. त्यावर तीन अंगठे आणि एक तोंड वेंगाडलेला चेहरा आला.

महिन्याभराने, १३ जुलैला, पूरनच्या न्यूयॉर्क संघाने डलासजवळ अमेरिकेतल्या लीगचा कप जिंकला. दुसऱ्या दिवशी किंग्स्टनला वेस्ट इंडिजचा टेस्ट संघ ऑस्ट्रेलियासमोर २७ धावांत आटोपला. त्यांच्या बोर्डाने तातडीची बैठक बोलावली आणि सल्ला द्यायला जुन्या खेळाडूंना निमंत्रण धाडलं. त्यात लारा होता, रिचर्ड्स होता, आणि १९७८ मध्ये पॅकरवाल्यांसाठी कप्तानपद सोडून गेलेला क्लाईव्ह लॉईड होता.