अ‍ॅस्पिरिनची पूड आणि आईची स्टीलची डबी



आजच्या भागात इतिहासच सांगणार आहे, पण किल्ल्यांचा किंवा लढायांचा नाही. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्याचा आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्टही नाही. कंप्युटरच्या कन्सल्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस आहे. मग हा विषय कुठून आला? तर आमच्याच घरातून.

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत आली होती. एके दिवशी बाथरूमच्या आरशामागचं कपाट उघडलं, तर व्हिनेगरचा वास आला. वास येत होता आईच्या स्टीलच्या डबीतून. पूर्वी बडीशेप ठेवायची ती डबी. आत तिच्या रोजच्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या होत्या. विचारलं तर म्हणाली, "अरे, ती बाटली मेली उघडतच नाही. बोटं दुखतात माझी. म्हणून सगळ्या गोळ्या यात ओतल्या."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार दिवसांनी आमची चार वर्षांची धाकटी तीच डबी खुळखुळ्यासारखी वाजवत सोफ्यावर बसलेली दिसली, तेव्हा मात्र पाय गळाले. झाकण उघडलेलं नव्हतं. आम्ही दोनदा गोळ्या मोजल्या, सगळ्या जागच्या जागी होत्या. पण त्या रात्री झोप लागली नाही. मग मी वाचायला बसलो: वास कशाचा, आणि बाटली उघडत का नाही? दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात मोठा इतिहास निघाला.

सुरुवात होते १७६३ मध्ये, इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमध्ये. एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं, की विलो झाडाच्या सालीची पूड थंडीतापावर गुणकारी ठरते. याच कुळातल्या आपल्याकडच्या झाडाला वाळुंज म्हणतात. स्टोनसाहेबांनी सुमारे पन्नास रोग्यांना ती पूड दिली होती. मला गंमत वाटली ती त्यांच्या तयारीची. साल पिशवीत भरून त्यांनी भटारखान्याच्या भट्टीला बाहेरून टेकवून ठेवली, ती तीन महिन्यांहून जास्त! मगच कुटून चाळली. आपल्या आज्या तिखट-हळद कुटण्याआधी उन्हं दाखवायच्या, तसंच. पुडीचं औषध कोरडं हवं, हा धडा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी सालीतला गुणकारी भाग वेगळा काढला आणि त्यातून सॅलिसिलिक अ‍ॅसिड हाती आलं. ते वेदना कमी करी, पण पोटाची आग करी. १८९७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्या अ‍ॅसिडला अ‍ॅसिटिल नावाचा एक तुकडा जोडून शुद्ध आणि टिकाऊ औषध तयार केलं. १८९९ मध्ये त्याचं 'अ‍ॅस्पिरिन' हे नाव नोंदलं गेलं.

हे औषध आधी गोळीच्या रूपात आलं नव्हतं. काचेच्या बाटलीतून पांढरी पूड यायची. औषधवाला ती तराजूत तोलून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. आपल्या गावाकडचे कंपाउंडर आठवतात ना? अगदी तशाच पुड्या. पण पुडीत दोन अडचणी असतात. माप चुकू शकतं, आणि हवा लागते.

आता त्या वासाकडे येतो. हॉफमन यांनी जोडलेला तो तुकडा ओलाव्यात टिकत नाही. पाण्याचा अंश लागला की अ‍ॅस्पिरिन पुन्हा फुटतं. एका बाजूला ते जुनं, पोट जाळणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिड, आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं अ‍ॅसिड. आमच्या बाथरूममध्ये रोज चार माणसं गरम पाण्याने आंघोळ करत होती, आणि आईच्या डबीत हॉफमन यांची मेहनत हळूहळू उलटी फिरत होती. म्हणून अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, अ‍ॅस्पिरिन घट्ट बंद डब्यातच ठेवायला सांगितलं आहे. गोळीला व्हिनेगरचा वास आला, तर ती घ्यायची नाही.

कारखान्यात तर याहून कडक शिस्त लागते. तिथे पोतीच्या पोती पूड असते. तिची धूळ डोळे, नाक आणि घसा चुरचुरवते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार हवेच्या एका घनमीटरमध्ये सरासरी ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ नसावी. शिवाय पिठाच्या गिरणीतल्या पिठासारखी ही धूळही हवेत दाट पसरली तर ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून यंत्रांना अर्थिंग, धूळ ओढून घेणारे पंखे, तोंडाला मास्क.

पूड गोळीत आली, आणि पुढे गोळी बंद पट्टीत. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा मेलबर्नच्या जॉर्ज निकोलस यांनी स्वतः अ‍ॅस्पिरिन बनवायला घेतलं. त्यातून 'अ‍ॅस्प्रो' जन्माला आली. हीच अ‍ॅस्प्रो आपल्या आजीआजोबांच्या घरी असायची. तिची प्रत्येक गोळी पट्टीत वेगवेगळी बंद असे. एक फाडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. आपण भारतातून बॅगा भरून आणतो त्या स्ट्रिप्समागे हाच विचार आहे.

आता बाटलीचं झाकण. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मुलांसाठी संत्र्याच्या चवीची गोड अ‍ॅस्पिरिन आली. तेव्हा औषधवाले ग्रेन हे माप वापरत, आपले सोनार गुंज वापरायचे तसं. मोठ्यांची गोळी पाच ग्रेनची, म्हणजे ३२५ मिलिग्रॅम. मुलांची तिच्या चौथाई, म्हणजे ८१. इथल्या बाटलीवर ८१ हा विचित्र आकडा का आणि भारतात ७५ का, याचं उत्तर इथे आहे. आज आईवडील हृदयासाठी घेतात ती गोळी मुळात बाळांची होती!

आणि तीच घात करून गेली. मुलं ती चॉकलेट समजून खाऊ लागली, विषबाधा वाढल्या, कित्येक मुलं दगावली. मग बाळांच्या बाटलीत ३६ पेक्षा जास्त गोळ्या नकोत असं ठरलं. १९६७ मध्ये कॅनडातल्या विंडसर शहरात डॉ. हेन्री ब्रो या बालरोगतज्ज्ञांनी दाबून फिरवायचं झाकण पुढे आणलं. अमेरिकेत १९७० मध्ये कायदा झाला, आणि १९७२ पासून अ‍ॅस्पिरिनला असं झाकण सक्तीचं झालं. त्यानंतर मुलांचे मृत्यू झपाट्याने घटले. पुढे, तापातल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्याने राय सिंड्रोम हा गंभीर आजार होऊ शकतो असं दिसलं आणि १९८६ मध्ये बाटलीवर तसा इशाराही आला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती मुलांना देऊच नये.

म्हणजे आईला न उघडणारं ते झाकण माझ्या लेकीसारख्या मुलांसाठीच बनलं होतं. आईची बोटं आणि नातीचा जीव, दोन्ही एकाच झाकणाखाली आले. दोष आईचा नव्हता. माझा होता, कारण मी तिला विचारलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. या झाकणाच्या चाचणीत २० टक्क्यांपर्यंत मुलांनी ते उघडलं तरी ते पास होतं. झाकण मुलाला उशीर करतं, अडवतंच असं नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. त्या डबीतल्या गोळ्या फेकल्या. फार्मसीत विचारल्यावर आईच्या इतर औषधांना साधं झाकण मिळालं. इथला कायदा तशी मागणी करू देतो. अ‍ॅस्पिरिनही कंपन्या एका आकाराच्या बाटलीत साध्या झाकणाने विकू शकतात, पण ती लहान मुलं नसलेल्या घरासाठी असते, तसं लेबलवर लिहिलेलं असतं. म्हणून साधं झाकण आलं तसं कुलूपही आलं. सगळी औषधं आता बेडरूमच्या कपाटात वरच्या खणात, आकड्याच्या कुलपाच्या पेटीत असतात. आकडा आईनेच ठरवला. भारतातल्या स्ट्रिप्स कापायच्या नाहीत, गोळ्या बाहेर काढून ठेवायच्या नाहीत. आणि गोळी गिळता येत नाही म्हणून मधातून कुटून द्यायची आपली सवय डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायची नाही. काही अ‍ॅस्पिरिनवर पोटासाठी मुद्दाम वेष्टण असतं, कुटलं की ते निकामी होतं.

अमेरिकेतल्या श्रोत्यांनी पॉयझन हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा: १-८००-२२२-१२२२. मुलाने काही गिळल्याची नुसती शंका आली तरी फोन करा. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वास घेत नसेल, तर थेट ९११.

आईवडील यायचे असतील तेव्हा आपण विमानतळ, इन्शुरन्स, स्वेटर, सगळ्याचा विचार करतो. या वेळी त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: "तुझ्या गोळ्यांची बाटली तुला उघडते का गं?"

आमच्या त्या स्टीलच्या डबीत आता पुन्हा बडीशेप आहे. येतो मंडळी, पुढच्या भागात भेटू.